महाड ते परभणी : उद्रेक कोणाचा, जबाबदारी कोणाची?

करंजाडे (पनवेल) : शहरात रस्ता अडवला गेला, बसच्या काचा फुटल्या, दुकाने बंद झाली की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो : पहिला दगड कोणी मारला? हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण दगडाने डोके फुटते आणि डोके कोणाचे हे दगड पाहत नाही. पण त्या आधीचा एक प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. त्या वस्तीत, त्या चाळीत, त्या गावात इतका राग साठला कसा? तो साठत असताना ज्यांच्या हाती सत्ता होती, कायदा होता, पोलीस होते, ते काय करत होते?

आंबेडकरी चळवळीतील तरुणांना हे दोन्ही प्रश्न माहीत असायला हवेत, कारण महाराष्ट्रात असा उद्रेक झाला की गोळी, लाठी आणि गुन्हे यांचा मोठा वाटा आपल्याच वस्त्यांच्या पदरात पडलेला आहे. या लेखात महाड (१९२७), वरळी (१९७४), रमाबाई नगर (१९९७) आणि परभणी (२०२४) या चार घटना क्रमाने मांडल्या आहेत. त्यानंतर चौकशी आयोग, मुळाशी असलेले प्रश्न, कायद्याने दिलेली साधने आणि आपली स्वतःची जबाबदारी यांचा विचार केला आहे. अभ्यास वर्गात किंवा विहारातील चर्चेत हा लेख टिपण म्हणून वापरता येईल.

महाड, १९२७ : अफवा, हल्ला आणि संयम

आपल्या रायगड जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले.

त्यानंतर काही तासांतच गावात अफवा उठवली गेली की आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार आहेत. परतीच्या तयारीत असलेल्या, मंडपात जेवणाऱ्या माणसांवर काठ्यांनी हल्ला झाला. अन्न मातीत मिसळले गेले, अनेक जण जखमी झाले. बाबासाहेब ज्या बंगल्यात उतरले होते तिथे शेकडो कार्यकर्ते जमले. त्यांत सैन्यात नोकरी केलेले लोकही होते. प्रत्युत्तर द्यायला एक शब्द पुरेसा होता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि प्रकरण कायद्याच्या मार्गाने पुढे नेले. ६ जून १९२७ रोजी हल्लेखोरांपैकी पाच जणांना जिल्हा मॅजिस्ट्रेटने चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. तळ्याच्या हक्काचा दिवाणी दावा मात्र दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला.

महाडच्या दंगलीची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर तीन पातळ्यांवर द्यावे लागते. काठी चालवणाऱ्यांची जबाबदारी न्यायालयाने ठरवली. अफवा उठवणाऱ्यांची जबाबदारी गावाला माहीत होती. आणि तीन वर्षे स्वतःचाच ठराव अमलात न आणणाऱ्या नगरपालिकेचे काय? तिला कोणी शिक्षा केली नाही. उलट ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने तो ठरावच मागे घेतला. पुढच्या सगळ्या घटनांत हा नमुना पुन्हा दिसतो. हातात काठी असलेला माणूस कधीतरी सापडतो, पण कागदावरचा हक्क कागदावरच ठेवणारी यंत्रणा सुटते.

वरळी, १९७४ : एकाच चाळीतले दोन समाज

बी.डी.डी. चाळी हे नाव ज्या खात्यावरून पडले ते बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० साली स्थापन झाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणी मिळून २०७ इमारती बांधल्या गेल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक नळ आणि शौचालय. एका खोलीत आठ-दहा माणसे. गिरणी कामगार, गोदी कामगार, सफाई कामगार आणि पोलिसांची कुटुंबे इथेच राहत. बौद्धांच्या चाळी वेगळ्या, सवर्ण हिंदूंच्या वेगळ्या, मधे काही हातांचे अंतर.

१९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले होते. गावोगावच्या अत्याचारांच्या बातम्या, १९७२-७३ चा दुष्काळ, महागाई, शिकूनही नोकरी न मिळणारे तरुण, अशी ती वेळ होती. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक यांना शिवसेनेचा पाठिंबा होता. पँथरने निवडणुकीवर बहिष्कार पुकारला. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर पँथरची सभा झाली. सभेवर दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, राजा ढाले जखमी झाले आणि दंगल पेटली. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीने रमेश देवरुखकर यांचा बळी गेला. १० जानेवारीला निषेध मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडी पाट्याने भागवत जाधव यांचा मृत्यू झाला. वरळी आणि नायगाव पुढेही काही महिने अधूनमधून धगधगत राहिले. पोटनिवडणुकीत आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या.

सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. पँथरच्या भाषणांची चर्चा खूप झाली, आजही होते. पण त्या भाषणांना टाळ्या का पडत होत्या, याची चर्चा फार कमी झाली. ज्या खोलीत झोपायला पाळी लावावी लागते, जिथे पाण्याच्या नळावर रोज भांडण होते आणि जिथे शेजारच्या इमारतीतला पोलीस हा दंगलीत एका बाजूचा शेजारीही असतो, तिथे शांतता टिकवणे हे काम फक्त भाषण करणाऱ्याचे नसते. चाळी सरकारने बांधल्या होत्या, सरकारच्याच मालकीच्या होत्या. त्यांची पुनर्बांधणी व्हायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

रमाबाई नगर, १९९७ : दहा बळी आणि एक न संपलेला खटला

घाटकोपर पूर्वेला पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी पहाटे तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार दिसला. लोक जमले. जवळच्या पोलीस चौकीकडे गेले. समाधान झाले नाही तेव्हा महामार्गावर उतरले. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. १० माणसे मृत्युमुखी पडली, अनेक जखमी झाली. मेलेल्यांत आणि जखमींत असेही लोक होते जे मोर्चात नव्हते, आपल्या गल्लीत किंवा दाराशी होते. दुपारी पोलीस वस्तीत शिरले, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला.

तेव्हा राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. मुख्यमंत्री मनोहर जोशी आणि गृहखाते गोपीनाथ मुंडे यांच्याकडे. पोलिसांकडून सांगण्यात आले की जमाव महामार्गावरचे गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळी चालवावी लागली. १५ जुलै रोजी लोकशाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरी गळफास घेतला. त्यांच्या आत्महत्येपासून सुरू होणारा आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पुढे १४ वर्षांच्या चित्रीकरणातून तयार झाला.

न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. टँकरचे स्पष्टीकरण आयोगाने स्वीकारले नाही. गोळीबार अनावश्यक आणि असमर्थनीय होता, असा निष्कर्ष काढला आणि तुकडीचे नेतृत्व करणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. मे २००९ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळपास १२ वर्षांनी, शिवडीच्या जलदगती न्यायालयाने त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली. त्यानंतर लवकरच उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन मंजूर केला.

आता हिशोब मांडून पाहा. ज्या खटल्याला १२ वर्षे लागली ते न्यायालय 'जलदगती' म्हणवले जात होते. दहा मृत्यूंची जबाबदारी एका उपनिरीक्षकावर येऊन थांबली. त्याच्या वरचा अधिकारी, त्या सकाळचे पोलीस नियोजन, विटंबनेची खबर मिळाल्यावर चौकीने काय केले, दुपारचा लाठीमार कोणाच्या हुकमाने झाला, या प्रश्नांची उत्तरे देण्याची वेळ कोणावर आली नाही. एक गोष्ट विसरता कामा नये. त्या सकाळी लोक आधी पोलीस चौकीवर गेले होते, महामार्गावर नंतर. तक्रारीचे दार जिथे उघडत नाही तिथे माणूस रस्त्यावर येतो, हा क्रम चारही घटनांत कमी-अधिक फरकाने दिसतो.

परभणी, २०२४ : कोठडीतला मृत्यू

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. एका इसमाला लोकांनी पकडले, पोलिसांनी अटक केली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. दुकाने आणि वाहनांचे नुकसान झाले. त्यानंतर पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. अटक झालेल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. आधी हृदयविकाराची चर्चा झाली, पण शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात शरीरावरील अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे कारण आले.

त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलै २०२५ रोजी तिथेही हस्तक्षेपाला नकार मिळाला.

बंदच्या दिवशी दुकान फोडले गेले असेल तर त्याचा गुन्हा वेगळा आहे आणि त्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे. त्या शिक्षेत कोठडीतील मारहाण कुठेही लिहिलेली नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या बदल्यात वजा करता येत नाहीत. 'आधी तुम्ही दंगल केली' हे वाक्य कोठडीतल्या मृत्यूचे उत्तर होऊ शकत नाही.

चौकशी आयोग : काय करतो, काय करत नाही

उद्रेकानंतर आपली पहिली मागणी असते 'न्यायालयीन चौकशी झालीच पाहिजे'. ही मागणी करण्यापूर्वी आयोग म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे. आयोग साक्षीदार बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, निष्कर्ष देऊ शकतो. शिक्षा देऊ शकत नाही. त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कृती-अहवालासह विधिमंडळात ठेवायचा असतो, एवढे बंधन कायद्यात आहे.

मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाचा अनुभव सर्वांसमोर आहे. आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर. यांपैकी ३५६ मृत्यू पोलिसांच्या गोळीने झाले होते. काम चालू असतानाच जानेवारी १९९६ मध्ये सरकारने हा आयोग बरखास्त केला, मे महिन्यात पुन्हा नेमला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात मांडला गेला आणि सरकारने त्याचे मुख्य निष्कर्ष नाकारले. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगाव हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जे. एन. पटेल आयोगालाही मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली.

हा अनुभव फक्त आपलाच नाही. अमेरिकेत १९६७ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइट, न्यूअर्क अशा शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्या पेटल्या तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी कर्नर आयोग नेमला. १९६८ साली आयोगाने स्पष्ट सांगितले की या उद्रेकांच्या मुळाशी गोऱ्या समाजाचा वर्णभेद आहे. वस्त्या त्यानेच तयार केल्या आणि त्यानेच टिकवल्या. घरे, नोकऱ्या, शाळा आणि पोलीस सुधारणा यांवर मोठा खर्च करा, असे सुचवले. अहवालाच्या लाखो प्रती खपल्या, पण शिफारशी बहुतांशी बाजूलाच राहिल्या.

म्हणून आयोगाची मागणी जरूर करावी, पण तिच्यावर थांबू नये. गुन्हा नोंदवणे, जबाब देणे, खटल्याचा पाठपुरावा करणे ही कामे आयोग करत नाही. ती आपल्यालाच करावी लागतात.

मुळाशी काय आहे : करंजाडेकडून पाहताना

पनवेल-उरणच्या लोकांना उद्रेक आणि जबाबदारी हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नवी मुंबईसाठी इथल्या गावांची शेती, मिठागरे आणि खाजणे घेतली गेली. मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. करंजाडेसारख्या नोडमध्ये आज ज्या इमारती दिसतात त्यांतील कितीतरी याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. आपण ज्या घरात राहतो त्याच्या पायाशी एका गोळीबाराचा इतिहास आहे, हे इथल्या नव्या रहिवाशांना क्वचितच ठाऊक असते.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, जी मागणी निवेदनांनी ऐकली गेली नाही ती पाच जीव गेल्यावर ऐकली गेली. म्हणजे आधी ऐकणे शक्य होते. न ऐकण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या वेळी कोणी लिहून ठेवले नाही. दुसरी, परतावा जमिनीच्या मापाने मिळाला. ज्याची जमीन जास्त त्याचा भूखंड मोठा. ज्याच्या पिढ्या दुसऱ्याच्या शेतात आणि मिठागरात राबल्या, त्याच्या हाती या मापाने फारसे काही लागत नाही. न्याय मिळाला तरी तो कोणत्या मापाने मिळाला हे तपासावे लागते, कारण आजच्या न्यायात राहून गेलेला माणूस उद्याच्या असंतोषात असतो.

याच परिसराने दुसरे उदाहरणही दिले आहे. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली आणि २४ जूनला हजारो लोकांनी सिडकोला घेराव घातला. नियोजन होते, स्वयंसेवक होते, गावनिहाय जबाबदाऱ्या होत्या. एवढा मोठा जनसमुदाय रस्त्यावर उतरला आणि गोळीबाराची वेळ आली नाही. गर्दी मोठी असली की हिंसा होतेच, हे खरे नाही.

बाबासाहेबांच्या भाषणाचे दोन भाग

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी केलेले भाषण आपल्याकडे नेहमी सांगितले जाते, पण अर्धे अर्धे. मोर्चाला नावे ठेवणारे त्यातला एक भाग सांगतात : आता संविधानिक मार्ग उपलब्ध आहेत, तेव्हा रक्तरंजित मार्ग तर सोडाच, सत्याग्रह आणि असहकारही सोडून दिला पाहिजे. रस्त्यावर उतरलेले दुसरा भाग सांगतात : २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत पाऊल टाकत आहोत, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पिचलेले लोक ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील.

भाषण एकच आहे आणि दोन्ही भाग एकमेकांवर उभे आहेत. संविधानिक मार्ग खुले ठेवण्याची जबाबदारी राज्याची आणि त्या मार्गाने जाण्याची जबाबदारी नागरिकाची. राज्याने आपली बाजू पाळली नाही तर उद्रेकाचा दोष फक्त नागरिकावर टाकता येत नाही. आणि मार्ग खुला असताना आपण तो वापरला नाही तर आपणही उत्तर द्यायला बांधील आहोत.

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात हाच विचार अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भाषेत आहे. महाविजित राजाच्या राज्यात लूटमार माजली होती. पुरोहित त्याला सांगतो की फाशी, कैद आणि दंड यांनी हे संपणार नाही. उरलेले लोक पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बियाणे आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला वेतन दे. लोक आपापल्या कामाला लागतील आणि राज्य निर्भय होईल. तथागतांच्या धम्मात कारणाशिवाय कार्य नाही. मग दंगल तरी कारणाशिवाय कशी असेल?

कायद्याने दिलेली साधने

कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी पाठ कराव्यात, वेळ आल्यावर शोधत बसू नये.

१. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने पवित्र किंवा आदरणीय मानल्या जाणाऱ्या वस्तूची मोडतोड वा विटंबना हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे [कलम ३(१)(न) आणि पुढील खंड पाहण्याऐवजी मूळ कायद्याची प्रत वकिलाकडून तपासून घ्यावी]. दिवंगत आदरणीय व्यक्तीचा अनादर हाही गुन्हा आहे.

२. कलम ४ नुसार कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकावर कारवाई होऊ शकते. तक्रार न घेणे, नोंदवलेली तक्रार वाचून न दाखवणे, प्रत न देणे हे यात येते.

३. कलम १५-अ पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, माहिती आणि सुनावणीत म्हणणे मांडण्याचा हक्क देते.

४. १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा झाली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. शांततेच्या काळात विचारायचा हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे.

५. अटक झालेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावे लागते. संविधानाचे कलम २२ तसे सांगते. नातेवाइकाला कळवणे आणि वैद्यकीय तपासणी हे हक्क आहेत. मारहाण झाली असेल तर ती मॅजिस्ट्रेटला तिथेच, पहिल्याच हजेरीत सांगावी. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

६. स्त्रियांना सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थिती वगळता अटक करता येत नाही. त्या अपवादातही महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. रात्री वस्तीत धरपकड सुरू होते तेव्हा हे माहीत असणे फार कामी येते.

७. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीसाठी १९८४ चा स्वतंत्र कायदा आहे. बंद पुकारणाऱ्यांनाही जबाबदार धरले जाते. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४ साली शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते. मोठ्या पक्षांना ही रक्कम परवडते. वस्तीतल्या मंडळाला परवडणार नाही.

आपली जबाबदारी

इथपर्यंत इतरांची जबाबदारी सांगितली. आता आपली. उद्रेकाच्या दिवशी सर्वांत पुढे असतो तो १८ ते २२ वर्षांचा मुलगा. त्याचा फोटो पोलिसांच्या चित्रीकरणात येतो. गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. तीन-चार वर्षांनी तो पोलीस भरतीची मैदानी परीक्षा उत्तीर्ण होतो आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. तारखेला जायचे तर त्या दिवसाचा रोज बुडतो. ज्या नेत्याच्या हाकेवर तो रस्त्यावर आला, तो नेता दुसऱ्या तारखेपासून न्यायालयात दिसत नाही. जामिनासाठी आईचे दागिने गहाण पडतात. ही गोष्ट कोणत्याही एका वस्तीची नाही. प्रत्येक वस्तीत असा मुलगा आहे आणि त्याचे नाव आपल्याला माहीत आहे.

आंदोलनातील गुन्हे मागे घेण्याचे निर्णय सरकार वेळोवेळी घेते. त्यांना जीवितहानी नसावी, नुकसान ठराविक मर्यादेत असावे अशा अटी असतात. पण त्यासाठी आपल्याकडे यादी तयार असावी लागते. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे, आरोपींची नावे, खटल्याची स्थिती. किती संघटनांकडे अशी यादी आहे?

दुसरी गोष्ट अफवेची. महाडला अफवा तोंडातोंडी पसरली आणि तीन-चार तास लागले. आता मोबाईलवर तीन मिनिटे लागतात. विटंबनेचा फोटो आला तर तो कुठला, कधीचा, हे तपासल्याशिवाय पुढे पाठवणारा कार्यकर्ता हा अफवा उठवणाऱ्यांचा बिनपगारी नोकर असतो. पुतळा ज्या वस्तीत आहे तिथे प्रकाश आणि कॅमेरा आहे का, रात्रीची जबाबदारी कोणाची, पहाटे काही घडले तर पहिला फोन कोणाला, हे आधी ठरवून ठेवता येते. पंचनामा होईपर्यंत जागा न हलवणे, चित्रीकरण करणे, लेखी तक्रार देऊन पोच घेणे, वकील येईपर्यंत तरुणांना एका जागी बसवून ठेवणे या गोष्टी भाषणापेक्षा कठीण आहेत. महाडच्या बंगल्यात बाबासाहेबांनी हेच कठीण काम केले होते.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. वरळीत दोन समाज एकाच नळावर उभे होते आणि दोघांचीही खोली १६० फुटांचीच होती. करंजाडेसारख्या नव्या वसाहतीत आगरी-कोळी भूमिपुत्र आहेत, घाटावरून आलेले आहेत, मुंबईच्या चाळीतून आलेले बौद्ध आहेत, परप्रांतीय मजूर आहेत. पाण्याचा, रस्त्याचा, शाळेचा प्रश्न सगळ्यांचा एक आहे. तो प्रश्न एकत्र मांडण्याची सवय शांततेच्या काळात लागली तर तणावाच्या दिवशी बोलायला शेजारी ओळखीचा असतो.

११ जुलैला रमाबाई नगरच्या शहिदांना आपण दरवर्षी अभिवादन करतो. या वर्षी अभिवादनानंतर विहारात आणखी अर्धा तास बसावे. आपल्या वस्तीतील किती तरुणांवर आंदोलनाचे गुन्हे आहेत, पुढची तारीख कधी आहे आणि त्या तारखेला त्यांच्यासोबत कोण जाणार, हे वहीत लिहून काढावे. जबाबदारीची सुरुवात त्या वहीपासून होते.

जय भीम.